पाव फेरा

"नाईक सर हितंच राहतात न्हवं?"

दार मीच उघडलं होतं. बाहेर विशी-बाविशीची एक मुलगी उभी. साधा पंजाबी ड्रेस, घट्ट वेणी, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला मोठा टू-इन-वन टेपरेकॉर्डर. रविवारचे दहा वाजले होते, मी बनियन-लुंगीवर होतो. माझी समजूत झाली की सुनंदानं टेप दुरुस्तीला दिला असेल आणि दुकानाचं माणूस तो परत घेऊन आलं असेल.

"मीच नाईक. काय काम आहे?"

"मी शैला हावळ. इचलकरंजीहून आलो."

तिकडच्या मुली 'आलो-गेलो' असंच म्हणतात. मी मूळचा पुण्याचा. सांगलीच्या कॉलेजात बारा वर्षं इंग्रजी शिकवूनही ते माझ्या कानाला खटकायचं. बऱ्याच गोष्टी खटकायच्या. खटकण्याचाच मी पगार खातो, असं सुनंदा म्हणायची.

नाव डोक्यात शिरायला क्षणभर वेळ लागला. मग शिरलं. आदल्या आठवड्यात, शनिवारच्या पुरवणीतल्या माझ्या सदरात, मी जिच्या कॅसेटची सालटी काढली होती, ती ही.

हे सत्त्याण्णव सालचं. सांगली-कोल्हापूर भागात पाश्चात्त्य रॉक संगीतावर मराठीत लिहिणारा मी एकटा होतो. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. माझ्याकडे आठशे कॅसेटी होत्या, बहुतेक सगळ्या पुण्याच्या एका मित्रानं आपल्या टेपडेकवर भरून दिलेल्या. लोकांना त्या आठशेच्या आकड्याचाच दरारा वाटायचा. पोरं घरी येऊन कपाट बघून जात. मी एखादं नाव घेतलं की ते डायरीत लिहून घेत, आणि मी नाक मुरडलं की तेही लिहून घेत असावीत.

इचलकरंजीच्या चार पोरांच्या गटाचं नाव होतं 'धोटा'. मागावर आडवा इकडून तिकडे पळतो, पोटात सुताची कांडी असते, तो धोटा. कॅसेटचं नाव 'सुट्टीचा वार'. एरवी शहरभर यंत्रमागांचा आवाज, त्यामुळे आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी एका रिकाम्या शेडमध्ये बसून त्यांनी ती भरली होती. मला ती पोस्टानं आली होती, सोबत वहीच्या कागदावर चार ओळींचं नम्र पत्र. मी ती डेकमध्ये घातली, पहिलं गाणं अर्धं ऐकलं, मग बटण दाबून पुढे, जरा ऐकलं, पुन्हा पुढे. वीस मिनिटांत दोन्ही बाजू उरकल्या आणि लिहायला बसलो. मथळा दिला, 'मागाचा खडखडाट आणि गोधडीतला गळा'. गाणारी तोंडावर गोधडी घेऊन गाते आहे, शब्द शोधायला बॅटरी लागेल, आणि ज्यांना सूर सापडत नाही ते हल्ली त्याला 'पर्यायी' संगीत म्हणतात, असं बरंच काही. लेख फार आवडला लोकांना. स्टाफरूममध्ये तीन जणांनी गोधडीवरून टाळ्या दिल्या होत्या.

तर ती गोधडीतली मुलगी आता माझ्या दारात.

"तक्रार असेल तर संपादकांना पत्र लिहा," मी म्हणालो.

"तक्रार न्हाई सर. एक विचारायचं हुतं. तुम्ही आमची कॅसेट कुठल्या टेपवर ऐकलासा?"

आतून सुनंदानं विचारलं, "कोण आहे हो?" आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर येऊन "अगं, आत तरी ये, एवढं ओझं घेऊन उभी का?" म्हणाली. त्यामुळे ती आत आली. नाहीतर मी उंबऱ्यावरच कटवली असती.

खुर्चीच्या कडेवर बसून तिनं सांगितलं ते एवढं. पुढच्या रविवारी कोल्हापुरात युवक महोत्सव होता. त्यात त्यांच्या गटाला अर्धा तास दिला होता, आणि मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचे गृहस्थ खास त्यांना ऐकायला येणार होते. माझा लेख आला, त्याचं कात्रण आयोजक प्राध्यापकांच्या टेबलावर गेलं, आणि नाव कापलं गेलं.

"तिथले सर म्हणाले, नाईकांनी लिवलंय म्हंजे विषय संपला. मी म्हटलं, त्यांनी जर दुसरं लिवलं तर? तर म्हणाले, मग बघू." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "शनिवारी तुमचं सदर येतंय. चार ओळी लिवल्यासा तरी आमचं नाव परत लागंल."

"म्हणजे मी माझं मत बदलावं?"

"मत नगा बदलू, सर. एकदा नीट ऐका. न्हाई आवडलं तर जे लिवलासा त्येच्यावर मी एक शबूद बोलणार न्हाई." मग जरा चाचरत, "लेखात तुम्ही म्हटलाय, आवाज गोधडीतून येतोय. आमच्या टेपवर तसा येत न्हाई. मी टेप दुरुस्तीच्या दुकानात काम करतो सर, पाच वर्सं झाली. मला वाटतंय तुमच्या टेपचा हेड, फीत वाचतोय त्यो, हललाय."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो, आणि स्वतःच हसलो.

ती हसली नाही. "अंगण बघू तरी द्या," म्हणाली.

या उत्तराचा मला राग आला. उत्तर चांगलं होतं म्हणून जास्त आला. पण सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिच्यासमोर नाही कसं म्हणणार? मी हातानंच डेककडे खूण केली.

तिनं डेकचं झाकण उघडलं, खिशातून पेनासारखी छोटी बॅटरी काढली आणि आत पाहिलं. फार वेळ नाही. "हे बघा सर. कंपनीतनं येतंय तवा हेडच्या ह्या स्क्रूवर रंगाचा ठिपका असतोय, कुणी फिरवू नये म्हणून. हितं रंग फुटलाय. कुणीतरी फिरवलाय."

कुणीतरी म्हणजे मीच. मला लख्ख आठवलं. पुण्याहून पहिल्या पन्नास कॅसेटी आल्या तेव्हा त्या मंद वाजत होत्या, झांजेची धारच नाही. एका मिस्त्रीनं मला तो स्क्रू दाखवला होता. फिरव फिरव फिरवला आणि एका जागी आवाज असा मोकळा झाला की मी उड्याच मारल्या. त्यानंतर दहा वर्षं दुकानातून आणलेली प्रत्येक कॅसेट माझ्याकडे मंदच वाजत आली. त्यावर मी 'भारतीय ध्वनिमुद्रणाचा घसरता दर्जा' असे दोन लेखही लिहिले होते. बिघाड पुण्याच्या मित्राच्या डेकमध्ये होता, त्याच्या वाकड्या हेडवर सगळ्या कॅसेटी वाकड्या भरल्या जात होत्या, आणि त्यांच्याशी जुळावं म्हणून मी माझा डेकही वाकडा करून ठेवला होता. हे सगळं मला तिथे, लुंगीवर उभ्या उभ्या, एका झटक्यात कळलं.

"पाव फेरा मारू?" तिनं विचारलं. स्क्रू-ड्रायव्हर हातात तयार होता.

"हात लावू नकोस."

पाव फेरा मारला असता तर तिची कॅसेट वाजली असती आणि माझ्या आठशे झोपल्या असत्या. एकीकडे आठशे, एकीकडे एक. शिवाय माझे दोन लेख, गोधडी, स्टाफरूममधल्या टाळ्या.

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. तिनं स्क्रू-ड्रायव्हर परत ठेवला. "म्हणूनच मी माझा टेप आणलाय." टेबलावरची वर्तमानपत्रं अदबीनं बाजूला सरकवून तिनं टू-इन-वन ठेवला, वायर लावली, कॅसेट घातली. "दोनच मिनिटं, सर."

आधी मागाचा आवाज आला. एकच माग, संथ. माझ्या डेकवर तो नुसता खडखडाट होता. इथे त्यात धोटा जाताना आणि येताना वेगवेगळा वाजत होता. चार फेऱ्या झाल्यावर त्या तालाच्या किंचित मागे ड्रम आला, मुद्दाम मागे, आणि अंगावर काटा आला. मग गिटार. आणि मग तिचा आवाज, उघडा, अगदी जवळून, शेजारी बसून एखादीनं घरातलं काहीतरी सांगावं तसा. शब्द न् शब्द कळत होता. बारीक 'स' सुद्धा ऐकू येत होता. माझ्या लेखातलं एकही वाक्य त्या गाण्याबद्दल खरं नव्हतं.

तिनं दोन मिनिटांनी बटण दाबलं. खोली एकदम रिकामी झाली.

"झालं का सर वेगळं?"

मी चष्मा काढला, लुंगीच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"मला काही फरक वाटत नाही," मी म्हणालो.

सुनंदा दारातच होती. "अहो, असं काय करता? ह्याच्यावर सगळे शब्द कळतायत की," ती म्हणाली. तिला संगीतातलं काही कळत नाही असं आम्ही दोघांनी लग्नानंतर लगेचच ठरवून टाकलं होतं, आणि ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"तुला काय कळतंय त्यातलं? पोहे टाकलेस ना, ते बघ."

सुनंदा आत गेली. मुलीसमोर मी तिला हे बोललो. त्या दिवसातल्या इतर गोष्टींइतकीच याचीही मला लाज वाटते, कधीकधी जास्तच.

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं, फरशीकडे. मला वाटलं आता रडणार. पण तिनं वायर काढली, शिस्तीत गुंडाळली, टेप पुन्हा पोटाशी घेतला. "बरं सर. येतो," म्हणाली. पोह्यांना थांबली नाही. सुनंदानं आतून हाक मारली तेव्हा ती फाटकाबाहेर पडलेली होती.

शनिवारच्या सदरात मी एका परदेशी गिटारवादकाच्या निवृत्तीवर लिहिलं. महोत्सव झाला. 'धोटा' त्यात नव्हता. वर्षभरानं माझ्या एका इचलकरंजीच्या विद्यार्थ्यानं सहज सांगितलं की तो गट मोडला, ड्रमवाला इम्तियाज आखातात गेला आणि ती मुलगी गाणं सोडून दुकानातच बसते. मी "अरेरे" म्हणालो. एवढंच म्हणालो. कॅसेट खणात तळाशी ठेवली. पुढे डेक भंगारात गेला, आठशे कॅसेटी गेल्या, सदर बंद पडलं, मी निवृत्त झालो. तो खण मात्र मी कधी उपसला नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून माझ्या मुलीनं फोनवर एक दुवा पाठवला. 'बाबा, हे तुमच्याच भागातलं आहे. इथे सगळे वेडे झालेत याच्यामागे. तुम्ही ऐकलं होतंत का तेव्हा?' कुणा पोरांना जुन्या बाजारात 'धोटा'च्या त्या कॅसेटची एक प्रत सापडली होती, आणि त्यांनी ती साफ करून इंटरनेटवर टाकली होती.

स्वयंपाकघरात खुर्ची ओढून, मुलीनं दिलेले हेडफोन लावून मी 'सुट्टीचा वार' ऐकला. पहिल्यांदा, शेवटपर्यंत, बटण न दाबता. चाळीस मिनिटं. एका गाण्यात ती कांड्या भरणाऱ्या चार बायांची नुसती नावं घेते, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी एक नाव कमी होतं. एका गाण्यात गिटार जवळजवळ नाहीच, बेसवर नुसतं एक बोट चालतं आणि ती हिशेबानं श्वास घेते. पाचव्या गाण्यात मध्येच वीज जाते. रेकॉर्डर ट्रकच्या बॅटरीवर चालला होता म्हणे, त्यामुळे तो चालूच राहिला. गिटार मेली, बेस मेला, आणि उरला इम्तियाजचा ड्रम आणि तिचा गळा. ती थांबत नाही. जरा हसते, आणि गात राहते. त्यांनी ते तसंच ठेवलं. बाविसाव्या वर्षी त्यांना कळलं होतं की हेच ठेवायचं असतं. मला आठशे कॅसेटी ऐकून कळलं नव्हतं. संपल्यावर मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं, आणि मग तिसऱ्यांदा. इतकं चांगलं होतं ते. माझ्या हयातीत, माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर इतकं चांगलं काही झालं होतं, आणि ते माझ्याच घरी पोस्टानं आलं होतं.

पंधरा दिवसांनी त्या पोरांचा फोन आला. कोल्हापुरात कार्यक्रम ठेवलाय, कॅसेट नव्यानं निघतेय, तर सर, तुम्ही दोन शब्द बोलाल का? या कॅसेटवर सगळ्यात आधी लिहिणारे तुम्हीच. लेख कुणाला मिळाला नव्हता. फक्त तारीख आणि माझं नाव कुठल्यातरी सूचीत सापडलं होतं. ती पोरं इतक्या आदरानं बोलत होती की मला फोन ठेवावासा वाटला. आणि खरं सांगायचं तर, क्षणभर मोहही झाला. कुणाला काही माहीत नव्हतं. नुसतं जाऊन बसायचं होतं.

त्याऐवजी मी इचलकरंजीला गेलो. सुनंदाला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं," आणि डब्यात वड्या भरून दिल्या.

आता शैला हावळ नव्या स्वयंचलित मागांचे इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करते. स्वतःची कार्यशाळा आहे, हाताखाली चार माणसं. केस पांढरे, चष्मा, तीच घट्ट वेणी. तिनं मला लगेच ओळखलं. "या सर, बसा," म्हणाली, कुणालातरी चहा सांगितला, आणि हातातली सर्किटची पट्टी डाग देऊन पुरी करून मगच समोर येऊन बसली.

मी वाटेत सगळं मनाशी घोकून आलो होतो. निम्मं विसरलो.

"शैलाताई, त्या दिवशी मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मला फरक ऐकू आला होता. पहिल्या चार फेऱ्यांतच आला होता. तुमची कॅसेट उत्तम होती. स्क्रू मीच फिरवलेला होता. मी कबूल केलं असतं तर..."

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली.

"म्हणजे? कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मी समोरच हुतो न्हवं." तिनं चष्मा कपाळावर चढवला. रागावलेली दिसत नव्हती, आणि तेच मला सहन होईना. "तुमचा पाय हलत हुता, सर. इम्तियाज जसा मागनं वाजवतोय, बरोब्बर तसा मागनं. चपलेत बोटं हलत हुती. गाणं बंद केलं तरी जरा वेळ हलतच हुती. तुम्ही 'फरक न्हाई' म्हणालासा तवा मी पायाकडंच बघत हुतो."

चहा आला. तिनं कप माझ्यापुढे सरकवला.

"माझ्यामुळे तुम्ही गाणं सोडलंत," मी म्हणालो.

"लेखामुळं न्हाई सोडलं. लेख काय, चुकतोय माणूस. मशीन बिघडलं हुतं." तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "तुम्हाला खरंच ऐकू आलं नसतं, तर मी आणि धा जणांच्या दारात टेप घेऊन गेलो असतो, सर. कुणाला तरी ऐकू आलंच असतं की. पर ज्येला ऐकू आलं त्योच न्हाई म्हणाला. मग म्होरं कुणाकडं जायचं?"

कुणीतरी मागून तिला हाक मारली, कुठलीशी पट्टी चालत नव्हती. "आलो," म्हणून ती उठली आणि जाता जाता, "चहा घ्या सर, निवतोय," असं म्हणाली.